रट्टा, बझर आणि पानिपतचा प्रश्न

आमच्या इंजिनिअरिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक भांडण अधूनमधून ठरलेलं असतं. कोणीतरी टाकतं की आपलं शिक्षण म्हणजे नुसती घोकंपट्टी, गुगल आणि चॅटजीपीटी असताना सनावळ्या पाठ करून काय लोणचं घालायचंय का, लगेच दुसरा येतो, अमेरिकेत बघा, मुलांना विचार करायला शिकवतात, आणि अमेरिका म्हटलं की मला टॅग. मी शिकागोजवळ राहतो म्हणजे मला सगळं माहीत असणार असं गृहीतच आहे.

तर ऐका. याच अमेरिकेत कॉलेजच्या पोरांचा क्विझ बोल नावाचा खेळ आहे. एनएक्यूटी नावाची संस्था त्याची नॅशनल चॅम्पियनशिप घेते, तिला आयसीटी म्हणतात, आणि ती बऱ्याचदा आमच्याच भागात भरते. मी तिथे स्कोअर लिहायला व्हॉलंटियर म्हणून गेलोय. ती पोरं जेवढं पाठ करून येतात ना तेवढं आमच्या बॅचच्या टॉपरनेही कधी केलं नसेल. ऑपेरातली पात्रं, ऑरगॅनिक केमिस्ट्रीतल्या रिॲक्शन, चिनी राजघराणी, सगळं फ्लॅशकार्डवर, महिनोन्महिने. म्हणजे रट्टाच की!

खेळ असा. चार-चार जणांच्या दोन टीम, प्रत्येकाच्या हातात बझर. आधी टॉसअप, म्हणजे दोन्ही टीमना मिळून एकच प्रश्न, त्यात टीममध्ये कुजबुजायचं नाही, ज्याला येतं त्याने एकट्याने बझर मारायचा. बरोबर आलं तर १० पॉइंट, फारच लवकर ओळखलं तर १५, आणि प्रश्न अर्ध्यात तोडून चुकलात तर उणे ५. बरोबर आलं की त्या टीमला तीन भागांचा बोनस, तिथे मात्र आपसात बोलायला परवानगी.

पण खरी गंमत प्रश्नाच्या बांधणीत आहे. पिरॅमिडल म्हणतात, म्हणजे सुरुवातीला सगळ्यात अवघड खूण, मग सोपी होत होत शेवटी शाळकरी पोरालाही येईल अशी. समजा पानिपतवर विचारायचंय. आपल्याकडे काय येणार, पानिपतची तिसरी लढाई कोणत्या साली झाली, अ, ब, क, ड, संपलं. तिथल्या पद्धतीने मी लिहिला तर असा होईल: "या लढाईच्या काही महिने आधी हरलेल्या बाजूने कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला होता. हरलेल्या बाजूच्या तोफखान्याची जबाबदारी इब्राहिमखान गारदीवर होती. विश्वासराव या लढाईत पडले. १० पॉइंटसाठी, १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ आणि अहमदशाह अब्दाली यांच्यात झालेली लढाई कोणती?"

आता यात साल कोणी विचारतच नाही, साल तर शेवटी फुकट दिलंय. ज्याने मोहीम नीट वाचलीय तो कुंजपुऱ्यालाच बझर मारणार, ज्याने फक्त गाईड वाचलंय तो भाऊंचं नाव येईपर्यंत थांबणार, आणि तोवर पॉइंट गेलेला असणार. पाठांतर दोघांनीही केलंय, पण एकाने जोडून ठेवलंय आणि एकाने सुटं. एकदा एक हुडीवाला मुलगा, स्वतः कॉम्प्युटर सायन्सचा, प्रश्न वाचणाऱ्या मॉडरेटरने दुसरं वाक्य पूर्ण करायच्या आत बझर मारून एका ऑपेराचं नाव सांगून मोकळा झाला आणि परत पेन्सिल चावत बसला. मी नुसता स्कोअरशीटकडे बघत राहिलो, १५ लिहायचे ते विसरून.

हे सगळं अमेरिकन लोक पहिल्यापासून शहाणे होते म्हणून झालं असं मुळीच नाही हं. कॉलेज बोल १९५३ मध्ये रेडिओवर आला, १९५९ मध्ये टीव्हीवर, आणि त्यात छोटे छोटे प्रश्न, ज्याचा अंगठा चपळ तो जिंकला असा मामला असायचा. खेळणाऱ्यांनाच त्याचा वैताग आला आणि १९९० च्या दशकात त्यांच्यातल्याच लोकांनी वेगळ्या स्पर्धा उभ्या केल्या, एनएक्यूटी १९९६ ची. म्हणजे मुलं बदलली नाहीत, पेपर काढणारे बदलले.

आणि म्हणूनच मला एमपीएससीचा वाद आठवतो. २०२२ मध्ये आयोगाने मेन्स यूपीएससीसारखी वर्णनात्मक करायचं ठरवलं, पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, मग २०२३ मध्ये ते २०२५ पर्यंत पुढे गेलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळे "ऑब्जेक्टिव्ह म्हणजे रट्टा, लिहायला लावलं की विचार" असंच बोलत होते. मला नाही पटत. वर्णनात्मक उत्तरंही क्लासवाले पाठ करून घेतातच की, अगदी प्रस्तावनेसकट. चांगला प्रश्न काढायला विषयातला माणूस लागतो, वेळ लागतो, पैसे लागतात, दुसऱ्याने तपासायला लागतो, आणि ते कोणालाच नकोय.

आता तुम्ही म्हणाल तिकडे सगळं स्वच्छ असेल. कसलं! २०१३ मध्ये एनएक्यूटीने हार्वर्डची चार विजेतेपदं काढून घेतली. टीममधला एक जण संस्थेसाठी प्रश्नही लिहायचा, त्याला संस्थेच्या वेबसाइटवरची अशी पानं उघडता येत होती जिथे न झालेल्या स्पर्धेच्या प्रश्नांचे तुकडे दिसत, आणि त्याने ती उघडली होती. ना नोकरी ना मेडिकलची सीट, तरी मोह सुटला नाही. फरक एवढाच की संस्थेने स्वतःच काय झालं ते उघड लिहिलं आणि विजेतेपदं रद्द केली. आपल्याकडे २०२४ च्या मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेत ६७ जणांना ७२० पैकी ७२० दिसले, तपास लातूरपर्यंत आला, आणि सुरुवातीचे कितीतरी दिवस पेपर फुटलाच नाही हेच ऐकत बसलो. पण तिकडे पणाला लागलेला असतो एक चषक, इकडे लाखो पोरांची वर्षं, त्यामुळे मी याच्यावरून उगाच अमेरिकेचे गोडवे गाणार नाही.

शिवाय आपण काही कमी नव्हतो. कॉलेज बोलचाच ब्रिटिश अवतार म्हणजे युनिव्हर्सिटी चॅलेंज, त्याची भारतीय आवृत्ती सिद्धार्थ बसूंनी केली आणि २००३-०४ च्या पहिल्याच हंगामात आपल्या अंधेरीचं सरदार पटेल इंजिनिअरिंग कॉलेज जिंकलं. पुण्यात बोट क्लब क्विझ क्लबवाली मंडळी आहेत, त्यांच्या क्विझमध्ये बझरची घाई नसते, डोकं खाजवून उत्तर काढता येतं, मला तर ते क्विझ बोलपेक्षाही जास्त आवडतं. फक्त हे सगळं इंग्रजीत. बार्शीच्या किंवा चाळीसगावच्या कॉलेजातली मुलगी जिने खरंच कुंजपुरा वाचलाय, ती तिथे पोचतच नाही. नाटकाला पुरुषोत्तम करंडक आहे, तिथे २०२२ मध्ये परीक्षकांनी लायक एकांकिका नाही म्हणून करंडकच दिला नव्हता, इतका कडकपणा आपल्याला जमतो. मग मराठीत असा एखादा क्विझचा करंडक का नको?

हे ग्रुपवर टाकलं तर नेहमीचा भिडू म्हणाला, लांबून बोलू नकोस, प्रश्न लिही. बरोबर आहे त्याचं. मराठ्यांच्या इतिहासाचे काही लिहून झालेत, बाकीचे चालू आहेत. केमिस्ट्री आणि संगीताचं माझ्याच्याने होणार नाही, कोणी लिहिणार असेल तर बोला, पैसे मिळणार नाहीत हे आत्ताच सांगतो.