शुगर वाढली म्हणून माणूस गुन्हेगार होत नाही

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार, चालवून घ्या.

आमची आत्या. सत्तरीच्या पुढची, डायबेटिस जुना. आज हर्णैहून एसटीने दापोलीला शुगर दाखवायला गेली ती काल दुपारपासून उपाशी. का तर रिपोर्ट चांगला यायला पाहिजे, नाहीतर डॉक्टर ओरडतात. जेवली नाही पण गोळी मात्र इमानदारीत घेतली. गाडीतच शुगर एकदम उतरली, दरदरून घाम, हातपाय थरथरायला लागले, कंडक्टरने कुणाकडून तरी लिमलेटच्या गोळ्या मागून दिल्या म्हणून निभावलं. आणि तिथे पोचल्यावर काय, तर भरल्या रांगेसमोर "आजी, भात सोडायचा नसेल तर माझ्याकडे येऊ नका." कारण एचबीएवनसी वाढलेलं. अहो ती रक्ताची टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवते, एक दिवस उपाशी राहून ती हलत नाही, हे तिला इतक्या वर्षांत एकदाही कुणी समोर बसवून सांगितलं नाही!! ओरडायला मात्र वेळ आहे.

आणि भात सोडा म्हणजे काय हो? सकाळी पेज, दुपारी भात नि माशाचं कालवण, रेशनला तांदूळ, शेतात तांदूळ. किती खायचा, बरोबर काय खायचं ते सांगा ना, ती ऐकेल. सगळंच बंद म्हटलं की माणूस चोरून खातो आणि विचारलं की खोटं सांगतो. मग त्या खोट्यावर तुम्ही डोस वाढवणार आणि आमची आत्या परत उपाशीपोटी ती गोळी घेणार. जीव जाईल कधीतरी अशाने.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्याकडे किती दिवस लाईट नव्हती ते आठवा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं. शेजारच्या काकांनी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलं, तर नंतर त्यांनाच ऐकवलं, निष्काळजी आहात म्हणून. छप्पर उडालेल्या माणसाला!

मान्य, ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर एकटाच असतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात उपचार फुकट आहेत हेही मान्य. पण फुकट दिलं म्हणून अपमान करायचा हक्क मिळतो का? आणि महात्मा फुले योजना ॲडमिट झाल्यावर कामाला येते, जन्मभर मेडिकलमधून आणायच्या गोळ्यांना नाही. पाय सडेपर्यंत थांबा मग बघू, असंच झालं ना हे?

ताप आलेल्याला कुणी ओरडत नाही. डायबेटिस, बीपी, दमावाल्यांनाच का? ते बरे होत नाहीत म्हणून? बरं होणारच नसतं ते, सांभाळायचं असतं, आणि जो रोज सांभाळतोय त्याच्याशी जरा नीट बोलायला काय जातं.

आत्या म्हणते आता तपासायलाच नको. मला तिला तिथे परत पाठवायचं नाहीये आणि असं सोडूनही द्यायचं नाहीये. दापोली-खेडकडे म्हाताऱ्या माणसाशी शांतपणे बोलणारे, भात किती खायचा ते सांगणारे कुणी डॉक्टर माहीत असतील तर इनबॉक्स करा. मी सोबत जाणार आहे.