मावशीचं पुस्तक

दिवाळीत वडोदऱ्याला गेले तेव्हा बॅगेत एकच पुस्तक नेलं होतं. माझंच, जुनं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. उर्सुला के. ल ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही १९६८ सालची कादंबरी, किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेली, जादूगारांची आणि बेटांची. मी चौदा वर्षांची असताना आतेभावाने ती मला दिली. दांडिया बाजारातल्या घरातून ती होस्टेलवर आली, तिथून इथे अमेरिकेत आली, कनेटिकटमधली चार भाड्याची घरं माझ्याबरोबर बदलली. या खेपेला ती तिथल्याच कुणा मुलाला देऊन टाकायची, असं ठरवून मी निघाले होते.

पहिल्याच संध्याकाळी दादाने विषय काढला. "अगं, या पोरांना मराठीची चार पानं सलग वाचता येत नाहीत. शाळेत इंग्रजी, हिंदी, गुजराती. त्यात तू तिकडून आणखी एक इंग्रजी पुस्तक आणलंस. द्यायचंच होतं तर मराठी द्यायचंस." काकूचं म्हणणं वेगळं होतं. "ताईची मुलगी नववीत आहे. आत्ता जादूटोण्याच्या गोष्टी वाचायचं वय आहे का?"

दादाचं दुःख मला कळतं. ते खोटं नाही. आम्ही बडोद्याचे मराठी. शाळा मराठी, भाजीवाली गुजराती, टीव्ही हिंदी, असं आमचं बालपण गेलं, आणि त्यात मराठीला कधी धक्का लागेल असं वाटलं नव्हतं. आता दादाचा मुलगा आणि भाची दोघंही इंग्रजी शाळेत आहेत. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली, आणि ज्या राज्यात राहतो तिथली भाषा मुलांना यायलाच हवी, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. पण मग मराठीसाठी उरतं ते फक्त घर. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा दादाने पेढे वाटले होते. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या हिंदीवरून वाद पेटला आणि जूनअखेर सरकारने आदेश मागे घेतले. ते सगळं तो सीमेपलीकडून रोज बघत होता. त्या वादात बडोद्याच्या मराठी मुलांचं नाव कुणी घेतलं नाही, हे त्याने मला दोनदा सांगितलं.

मी तरी कुठे वेगळी आहे? माझा मुलगा इथे दर रविवारी मराठी शाळेत जातो. बोलतो बरं, पण 'ज्ञानेश्वर' वाचताना पहिल्याच जोडाक्षरापाशी थांबतो आणि माझ्याकडे बघतो. तेव्हा पोटात काय होतं, ते दादाला समजावून सांगावं लागत नाही.

तरीही दादाशी मी वाद घातला. मुलाची भाषा ठरवू आणि मग त्याला पुस्तक देऊ, असं म्हणत म्हणत वर्षं जातात. बारा ते पंधरा हे वय पुस्तकात बुडून जाण्याचं. त्या वयात जे पुस्तक अंगात भिनतं, ते पुढे कुठल्याही भाषेचं दार उघडतं. माझं उघडलं. मी मराठी माध्यमातली. ते पुस्तक हातात आलं तेव्हा माझं इंग्रजी यथातथाच होतं. झोपाळ्यावर बसून, मांडीवर शब्दकोश घेऊन, एका उन्हाळ्यात ते वाचलं आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ समासात पेन्सिलीने मराठीत लिहिला. धुकं. सावली. गर्व. मंत्र. 'गर्व'खाली दोन रेघा आहेत. मराठी शब्द किती अचूक असू शकतो, हे मी शोधून शोधून शिकले ते त्या इंग्रजी पुस्तकाच्या समासात.

आणि गोष्ट तरी परकी कुठे होती! गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर बकऱ्या राखणारा एक मुलगा. जन्मून वर्ष व्हायच्या आत त्याची आई गेली. त्याला पहिला मंत्र शिकवते ती त्याच्या आईची बहीण, गावची चेटकीण. इंग्रजीत तिला नुसतं 'आंट' म्हटलंय. काकू, आत्या, मामी, सगळ्या त्या एकाच शब्दात. मी वाचताना ती आपोआप मावशी झाली. माय मरो पण मावशी जगो, असं आपल्याकडे म्हणतात, आणि पुस्तकात तसंच घडलं होतं. पुढे तेराव्या वर्षी तो नदीच्या थंडगार पाण्यातून चालत पलीकडे जातो. काठावर उभा असलेला गुरू त्याचा दंड धरतो आणि त्याचं खरं नाव त्याच्या कानात सांगतो. बारशाला पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या मी किती वेळा बघितली होती! त्या पानाशी मी झोपाळा थांबवला होता, एवढं अजून आठवतं.

बडोद्याच्या मुलीला आणखीही एक गोष्ट आठवणारच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा, शेतकरी घरातला, अक्षरओळखही नसलेला बारा वर्षांचा गोपाळ. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि त्याचं नाव सयाजीराव ठेवलं. शाळेत आम्ही हे दरवर्षी ऐकायचो. ल ग्विन यांनी कवळाण्याचं नावही ऐकलं नसेल. तरी नवं नाव घेऊन मोठ्या घरात आलेला, सगळं शिकायची घाई झालेला मुलगा मला दोन्हीकडे दिसला.

या नायकाचा रंग तांबूस तपकिरी आहे, पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलंय. कित्येक आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर मात्र तो गोरा रंगवला गेला आणि लेखिकेने त्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रार केली. काकूला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मग आपल्यातलाच की." जादूटोण्याची हरकत तिने तिथेच सोडून दिली.

आता इथली गोष्ट. अमेरिकेत पुस्तक देणं फार सोपं आहे. २००९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावी एका माणसाने अंगणात खांबावर पुस्तकांची छोटी पेटी लावली. आज तशा पेट्या जगभर आहेत आणि आमच्याच गल्लीत दोन आहेत. कुणीही घ्यावं, कुणीही ठेवावं. सुरुवातीला मला ते स्वर्गासारखं वाटलं होतं. आपल्याकडे 'लेखनी पुस्तिका रामा परहस्ते गता गता' हे सुभाषित पुस्तक मागणाऱ्याला ऐकवलं जातं, आणि दिवाणखान्यातल्या कपाटाची किल्ली आजोबांच्या जानव्याला असते. पण वर्षभर त्या पेट्या रोज उघडून बघितल्या तेव्हा दिसलं की त्यात ठेवलेलं असतं ते बहुतेक नको झालेलं. वजन कमी करायची पुस्तकं, जुनी प्रवासपुस्तकं, घर बदलताना जड झालेलं काहीबाही. शिवाय याच देशात कोणती पुस्तकं शाळेच्या वाचनालयातून काढून टाकायची, यावर पालक सभांमधून भांडतात आणि कल्पनारम्य कादंबऱ्याही त्यात सापडतात. म्हणजे काकूचा प्रश्न इथेही विचारला जातोच, फक्त ज्याला विचारायचा त्या मुलाला कुणी विचारत नाही.

इथे नको असलेलं देतात, तिथे हवं असलेलं कुलपात ठेवतात. दोन्ही मला पटत नाही. मुलाला द्यायचं पुस्तक ते, जे द्यायला आपला हात धजत नाही. 'उपयोगी पडेल' म्हणून आणलेलं सामान्यज्ञानाचं पुस्तक मूल एका नजरेत ओळखतं. देणाऱ्याला ते स्वतः कधी वाचावंसं वाटलं नाही, हे त्याला कळतं.

हे मी परदेशात येऊन शिकले असं नाही, ते आमच्याच गावात होऊन गेलंय. मी राहते तिथून न्यू हेवन जवळ आहे. तिथे चॅपल स्ट्रीटवर दुकानांच्या वर, जिना चढून गेलं की १८२६ पासून चालत आलेलं एक वाचनालय आहे. विल्यम बॉर्डन तिथले ग्रंथपाल होते. १९१० मध्ये सयाजीरावांनी त्यांना बडोद्याला बोलावून घेतलं आणि तीन वर्षांत त्यांनी राज्यभरच्या ग्रंथालयांची घडी बसवली. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं ते महाराजांच्या स्वतःच्या संग्रहावर, राजवाड्यातल्या वीसेक हजार पुस्तकांवर. गावकऱ्यांनी पैसे जमवले की तेवढेच प्रांत पंचायत देई आणि तेवढेच सरकार, असं करून खेडोपाडी वाचनालयं निघाली. जिथे तेही नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात, ने-आण राज्याच्या खर्चाने. अंगणातल्या पेटीच्या शंभर वर्षं आधी. आणि आधी दिली ती महाराजांनी स्वतःच्या कपाटातली.

मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयात कपाटांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. लहानपणी बाबा पुस्तक शोधत असताना मी मान वर करून उभी राहायचे. वरून कुणी चाललं की त्याची सावली माझ्या डोक्यावरून सरकत जायची. न्यू हेवनचा तो जिना पहिल्यांदा चढले तेव्हा मला ती काच आठवली, आणि डोळे भरून आले.

तर पुस्तक. भाऊबीजेच्या रात्री गच्चीवर मी मुलांना अर्धी गोष्ट सांगितली. मराठीतून. गावावर हल्लेखोर चालून येतात आणि तो पोरगा धुकं विणून अख्खं गाव झाकून टाकतो, इथपर्यंत. दादा जिन्याच्या दारात उभा राहून ऐकत होता. पुढचं पुस्तकात आहे म्हटल्यावर तिघांनी हात पुढे केले. दादाचा मुलगा, ज्याला भाची दादू म्हणते, ताईची मुलगी आणि शेजारच्या गुजराती घरातली तिची मैत्रीण, जी आमच्याकडे खेळून खेळून मराठी समजायला लागली आहे. वाटीत तीन चिठ्ठ्या टाकल्या. शेजारच्या मुलीचं नाव निघालं.

भाची काही बोलली नाही. खाली जाऊन पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपली. दादा हळूच म्हणाला, "घरातल्या मुलीला द्यायचं होतंस. आता ते गेलंच समज." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण चिठ्ठी टाकल्यावर ती मोडायची नाही. पहिल्या पानावर माझ्या नावाखाली मी शेजारच्या मुलीला तिचं नाव लिहायला लावलं आणि सांगितलं, वाचून झालं की पुढच्याला द्यायचं, मला परत नको.

परवा भाचीने फोटो पाठवला. एकच पान. समासात माझ्या पेन्सिलीने लिहिलेलं 'धुकं', आता पुसट झालेलं. त्याच्याशेजारी निळ्या शाईत, गुजराती लिपीत, 'धुम्मस'. खाली माझं 'सावली', आणि त्याच्यापुढे 'पडछायो'. त्याही खाली, तिसऱ्या हातातलं, आडवंतिडवं पण देवनागरीतलं आणखी एक अक्षर होतं, ते मोठं करून बघावं लागलं. भाचीने 'गर्व'पुढे प्रश्नचिन्ह काढून लिहिलं होतं, 'की माज?'

बरोबर आवाजी निरोप होता. "मावशी, मी सत्तराव्या पानावर आहे. दादूला मी सांगितलंय, त्याचा नंबर माझ्यानंतर. तू शेवट सांगायचा नाहीस."