मळलेला रविवार

खेळण्यांच्या दुकानात प्ले डोचे, म्हणजे मुलांनी मळून आकार करायच्या मऊ रंगीत गोळ्यांचे, इवलेसे डबे मिळतात. त्यांची किंमत ऐकली की माझ्यातली कोथरूडकर गृहिणी खडबडून जागी होते. मैदा, मीठ, तेल, पाणी, रंग. यात आहे काय एवढं? असं म्हणणाऱ्या बाईला घरच्यांनी तिथल्या तिथे आवरायला हवं. पण जुलैतला रविवार, सारसबागेत चिखल, लेकीच्या जोडीला पुतण्याही मुक्कामाला आलेला. मला आवरायला कोण मोकळं असणार?

कृती सोपी आहे. 2 वाट्या मैदा, 1 वाटी मीठ, 2 वाट्या पाणी, 2 चमचे तेल. क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे केकवाल्यांची ती आंबट पूड, घातलं तर गोळा लवचीक होतो आणि टिकतोही. पण ते आणायला भर पावसात रविवार पेठ गाठण्यापेक्षा लिंबू पिळलेलं बरं. सगळं कढईत घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, कडा सोडून गोळा जमला की उतरवायचं.

"म्हणजे उकडच की ही," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"हो आई, पण खायची नाही."

"खायची नाही? मग मैदा कशाला नासतेस? आणि मीठ केवढं गं ते!"

मीठ मुद्दाम घालतात. गोळ्याला बुरशी लवकर धरत नाही, आणि एकदा चाटलेलं मूल सहसा परत चाटत नाही. या दुसऱ्या गुणाची खात्री करायला मूल लागलंच नाही. नवरा भाजी घेऊन आला, पांढराशुभ्र गोळा बघून त्याने आल्याआल्या लचका तोडला, आणि डोळे मिटून विचारलं, "आई, उकडीत मीठ दोनदा पडलंय का?"

मग रंग. तांबडा, पिवळा, निळा, हिरवा असे चार गोळे मी कोपरापर्यंत रंगून मळले. माझ्या मनात छोटी छोटी फळं, भाज्या, जमलंच तर एखादा गणपती होता. मुलांच्या मनात सोऱ्या, किसणी आणि माझं ठेवणीतलं लाटणं होतं. मी चहा गाळेपर्यंत चारही रंगांचा एकच गोळा झालेला होता. त्या रंगाला शेणाशिवाय दुसरं नाव नाही. जगातली सगळी मुलं शेवटी याच रंगावर येतात असा माझा ठाम समज आहे. वेगवेगळे रंग ही फक्त आयांची हौस.

इथे सासूबाई एकदम खुलल्या. पदर खोचून खाली बसल्या. "चला रे, गोवऱ्या थापू!" लहानपणी गावी थापलेल्या असणार, हात अजून तयार. तळहातावर गोळा, एक थाप, वर पाच बोटांचे ठसे. मुलांनी विचारलं, मग कुठे ठेवायच्या? त्या खरं तेच बोलल्या. "भिंतीवर."

दिवाणखान्याची भिंत गेल्याच दिवाळीत रंगवलेली.

गंमत अशी की हा पदार्थ मुळात भिंत साफ करायलाच निघाला. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका कारखान्यात तो बनायचा. घरोघरी कोळसा जळे, वॉलपेपरवर काजळी धरे, ती या गोळ्याने टिपून काढत. पुढे कोळशाच्या शेगड्या गेल्या, गिऱ्हाईक आटलं, आणि 1956 च्या सुमारास तोच गोळा खेळणं म्हणून बाजारात आला. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो नुसता भिंतीकडे बघत राहिला.

असा गोळा ओला असताना खरवडला तर आणखी पसरतो. पूर्ण वाळू द्यावा, मग टवके निघतात. पण मीठ हवेतली ओल ओढतं, आणि पुण्यातल्या जुलैत हवेला ओलीची काय कमी? पुतण्या घरी गेला. ओळीने थापलेल्या गोवऱ्या आहेत तिथेच आहेत. सासूबाई रोज सकाळी त्यांना बोट लावून बघतात आणि मला स्वयंपाकघरात ओरडून सांगतात, "अजून ओल्याच आहेत गं. उलटवायला हव्यात."