पोरांची मनं कणखर करण्याचे रामबाण उपाय

गेल्या आठवड्यात भाचीच्या जिल्हास्तरीय शालेय मैदानी स्पर्धेला गेले होते. तिथं ज्ञानाचा एवढा साठा पदरी पडला की तो एकटीनं पचवणं अवघड आहे. ‘हल्लीची पोरं मनानं कच्ची’ असं तुम्हीही म्हणत असालच. तर पालकहो, सरहो, आयोजकहो, घ्या लिहून.

शर्यतीआधी पोरीला जवळ घेऊन ‘अजिबात टेन्शन घेऊ नकोस’ म्हणा. लगेच पुढे ‘फक्त विभागाला निवड झाली पाहिजे’ हेही म्हणा. दहावीच्या वाढीव गुणांचा विषय तिथंच निघाला तर सोन्याहून पिवळं. ती सातवीत असली तरी चालेल.

आता मुख्य उपाय. रिपोर्टिंग सकाळी सातचं ठेवा. तालुक्याच्या पोरी पहाटेच्या एसटीनं, चहा-बिस्किटावर येतील. त्यांना जोरदार वॉर्मअप करायला लावा आणि घाम आला की रांगेत बसवा. प्रमुख पाहुणे निघालेत. पाहुणे वाटेत आहेत. पाहुणे आणखी एका कार्यक्रमाला थांबलेत. तापवलेलं अंग अर्ध्या तासात थंड पडतं, पण आपण काही अर्ध्या तासात आटोपणारे लोक नाही. मग दीपप्रज्वलन, वाऱ्यानं विझल्यावर पुन्हा दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, कुणाचं तरी नाव राहिलं म्हणून पुन्हा शाल. टेनिसपटू राफेल नदाल कोर्टवर पाण्याच्या बाटल्या लेबलं एकाच दिशेला करून मांडायचा, सर्व्हिसआधी दर वेळी त्याच क्रमानं नाक-कान चाचपायचा. लोक हसायचे. पण सामन्याच्या गोंधळात मनाला धरायला असं काहीतरी ठरलेलं लागतं. आमच्याकडे ठरलेला असतो तो सत्कारांचा क्रम, आणि त्यात चूक झाली तर माफी मागितली जाते. शंभर मीटरची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, कधी, हे मात्र विचारू नये. माईकवाल्याला माहीत नसतं, सरांना माहीत नसतं, ‘बसा ना जरा, सांगतो’ एवढंच माहीत असतं. स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई हार आणायला. आणि चौदा वर्षांखालच्या पोरी उन्हात, फक्कीच्या रेषांशेजारी, ओठ सुकवून बसलेल्या असताना मंडपातल्या पंख्याखाली उभं राहून पाहुणे सांगतात, ‘खेळ हा पायांनी नव्हे, मनानं जिंकला जातो.’ साहेब, मन तुम्ही सकाळी नऊलाच संपवलंत.

असो. उपरोध जरा सुटला. पुढचा उपाय.

हरलेल्या पोरीला मोटारसायकलवर मागे बसवून घरापर्यंत ‘का हरलीस’ विचारत राहा. तिला उतरून जाता येत नाही.

बरं वाटत नाही म्हणाली तर ‘नाटकं बंद’ म्हणा. हवेत गिरक्या घेताना आपण नेमके कुठं आहोत हेच कळेनासं झालं म्हणून अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडून बाजूला झाली. अशा अवस्थेत उडी मारली तर मान मोडते. पण ज्यांना खाटेवरून उठताना हात लागतो अशा कितीतरी जणांनी तिला पळपुटी ठरवलं. तिनं 2024 ला पॅरिसहून तीन सुवर्ण आणि एक रौप्य नेलं, ते त्यांना आठवायचं कारण नाही.

क्रीडा मानसशास्त्रज्ञ म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, हे घरात ठासून सांगा. 2011 चा विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या क्रिकेट संघाबरोबर आणि 2024 साली बुद्धिबळाचा जगज्जेता झालेल्या गुकेशबरोबर मनाची तयारी करून घेणारा पॅडी अप्टन होता, हे पोरांच्या कानावर जाऊ देऊ नका.

प्रशिक्षकांसाठी नेतृत्वाचा धडा. 2018 साली 19 वर्षांखालचा विश्वचषक जिंकल्यावर राहुल द्रविडला 50 लाख आणि त्याच्या सहकाऱ्यांना 20 लाख जाहीर झाले. यानं सगळ्यांना सारखे द्या म्हणून हट्ट धरला आणि स्वतःचे निम्मे करून घेतले. असला वेडेपणा नको. पदक आलं की पेपरातल्या फोटोत पोरीच्या पुढे उभे राहा, आणि नाही आलं की सगळ्या वर्गासमोर तिच्या वजनावर बोला.

माझी भाची हीटमध्ये पाचवी आली. त्याचं काही नाही, तिच्यापुढे चार जणी जोरात पळाल्या. पण पलीकडच्या शाळेची एक मुलगी दुसरी येऊनही हमसून हमसून रडत होती आणि तिचा बाप घड्याळ दाखवत होता. अहो, जरा लाज बाळगा. बारा वर्षांची आहे ती. तुमचं स्वतःचं पोट सुटलंय, गेटपासून मंडपापर्यंत चालताना तुम्हाला धाप लागली होती, मी पाहिलंय. तिला पाणी द्या, घड्याळ खिशात घाला. आयोजकांनी सत्कार शर्यती संपल्यावर संध्याकाळी उरकावेत, वेळापत्रक फळ्यावर लावावं, कुलूप काढावं. याला निधी लागत नाही. आणि कठड्यावरून सारखं ‘पळ, पळ’ ओरडणारे काका, खाली बसा. ती पळतच होती.