बोचक्याला बसायला जागा

गेल्या श्रावणापासून माझ्या गॅलरीत एक बोचकं आहे. निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं, सुतळीने आडवं-उभं आवळलेलं, वरच्या गाठीत ॲल्युमिनियमचा एक डबा अडकवलेला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान बरीच वर्षं बंद पडून आहे. त्याच्या पायरीवर राहणाऱ्या मावशींचं ते बोचकं. आत काय आहे ते मी कधी विचारलं नाही. बत्तीस वर्षं बँकेत होते, त्यातली शेवटची अकरा लॉकरच्या काउंटरला. ग्राहकाने लॉकरमध्ये काय ठेवलंय हे बँक विचारत नाही, ती सवय हाडात मुरली आहे.

या बोचक्यापायी मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा चुकलं. म्हणून आज हे लिहायला बसले.

दवाखान्यात तारीख मिळाली होती, तपासण्या झाल्या होत्या. पहिल्या तारखेला त्या गेल्याच नाहीत. दुसऱ्या वेळी गेल्या त्या बोचकं डोक्यावर घेऊन, आणि वॉर्डात एवढं सामान चालणार नाही म्हणून दारातूनच परत आल्या. मी चिडले. म्हटलं, मावशी, चिंध्यांच्या गाठोड्यासाठी डोळा घालवताय का? त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "ताई, माणूस कुठंबी बसतंय. बोचक्याला बसाया जागा लागती."

चिंध्या हा शब्द माझ्या तोंडून गेला, त्याची लाज मला अजून वाटते. कारण नंतर त्यांनी दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. सकाळची वेळ, त्या नळावर पाणी भरायला गेल्या होत्या. परत आल्या तर पायरी रिकामी. एक गाडी आली होती, दिसेल ते उचलून गेली होती. पाठीमागे धावल्या, पण कोणाची गाडी, सामान कुठे नेलं, ते कोणाला विचारायचं, काहीच कळलं नाही. पावती नाही, यादी नाही. स्टोव्ह गेला, पांघरुणं गेली, दोन लुगडी गेली. आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड होतं, तेही गेलं.

तो दाखला त्यांनी संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी जपून ठेवला होता. विधवा बाईला त्या योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात. दाखल्याची दुसरी प्रत काढायची तर जालन्याकडे गावी जायला हवं. जायचं म्हणजे गाडीभाडं, बुडालेली मजुरी, आणि जोडलेलं नवं बोचकं कोणाच्या भरवशावर टाकून जायचं हा प्रश्न. म्हणजे सामान गेलं म्हणून कागद नाही, आणि सामान ठेवायला जागा नाही म्हणून कागद आणायला जाता येत नाही. दोन वर्षं त्या याच फेऱ्यात होत्या.

बेघर माणसाचा विषय निघाला की आपण छपराबद्दल बोलतो, जेवणाबद्दल बोलतो, थंडीत ब्लँकेट वाटतो. ते सगळं लागतंच. पण दिवसभर सामानाची राखण करणं हे पूर्ण वेळेचं, बिनपगारी काम आहे, ते माझ्या लक्षात साठीनंतर आलं. सकाळी नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या काखेत वळकटी दिसली की मुकादम पुढे सरकतो. सुलभमध्ये आंघोळीला जायचं तर बोचकं बाहेर ठेवावं लागतं, मग आंघोळ तरी कशी करायची? ओपीडीच्या रांगेत, बँकेत, सरकारी कचेरीत, कुठेही ते घेऊन शिरता येत नाही. म्हणून लोक जागा शोधतात. झाडाच्या बेचक्यात, बसस्टॉपच्या छपरावर, सिग्नलच्या पेटीमागे, पुलाखालच्या सांध्यात. कोणी टपरीवाल्याला रोजचे पैसे देऊन फळीखाली ठेवतं. पुलाखालून जाताना एकदा मान वर करून बघा, तिथे लोकांचे संसार ठेवलेले दिसतील.

मावशींना आमच्याच इमारतीत धुण्याभांड्याचं काम मिळत होतं. बोचकं गेटच्या आत आणायला मनाई झाली, म्हणून त्यांनी ते नाकारलं आणि मंडईत लसूण सोलत राहिल्या, कारण तिथे ते शेजारी ठेवून बसता येतं. हाताला काय मिळायचं ते विचारू नका.

श्रावणात मी ते बोचकं घरात घेतलं. आधी इमारतीच्या जिन्याखाली ठेवलं होतं, त्यावर बैठक झाली, मग गॅलरीत आणलं. दिवाळीआधी मावशींच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर त्यांनी दोन घरची कामं धरली. मी त्यांना पैसे दिले नाहीत, घर दिलं नाही, शिफारस केली नाही. तीन बाय दोन फूट जागा दिली, एवढंच.

आता विचार करा, सामान सांभाळण्याची किती पक्की व्यवस्था या शहरात आहे, पण ती कोणासाठी? रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरचे नियम सुधारले. १ जानेवारी २०२२ पासून आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेवर वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत जबाबदारी येते. म्हणजे ज्याला घर आहे, घरात कपाट आहे, कपाटाला तिजोरी आहे, त्याच्या सामानासाठी आणखी एक भिंत आणि तिच्यामागे कायदा. स्टेशनवर क्लोकरूम आहे. तिथे तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप हवं. ताडपत्रीच्या गाठीला कुलूप कुठे लावायचं?

आणि ही विद्या आपल्याला नवी नाही. माझी आई वारीला जायची. दिंडीचा ट्रक पुढे निघतो, त्यात प्रत्येकाची वळकटी, पिशवी, वर रंगाने नाव लिहिलेलं. माणसं टाळ घेऊन मोकळ्या हातांनी चालतात आणि मुक्कामाला पोचल्यावर ज्याचं त्याला सामान मिळतं. आळंदी-देहूपासून पंढरपुरापर्यंत लाखो माणसांच्या वळकट्या अशा जातात. त्यातले कित्येक जण शेतमजूर असतात, त्यांच्याकडे बोचक्यापेक्षा वेगळं काही नसतं. तिथे आपण त्या वळकटीला चिंध्या म्हणत नाही.

कायद्याकडे येते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात कलम १९ आहे. फेरीवाल्याचा माल जप्त केला तर त्याची यादी करून प्रत त्याला द्यायची. त्याने मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा. फेरीवाल्यांनी अनेक वर्षं भांडून हे मिळवलं. त्याच फुटपाथवर शेजारी झोपणाऱ्या बाईच्या स्टोव्हला आणि कागदांना असं स्पष्ट संरक्षण कुठे आहे? तिचं सामान 'बेवारस' ठरतं. हा शब्द मला फार टोचतो. वारस नसलेलं ते बेवारस. इथे वारस तर सोडाच, मालकीणच वीस पावलांवर नळाला उभी असते.

मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांमुळेच या देशाच्या घटनेचा एक मोठा अर्थ स्पष्ट झाला, हे आपण विसरतो. जुलै १९८१ मध्ये ऐन पावसात त्यांना हटवायची मोहीम निघाली, लोक कोर्टात गेले, आणि जुलै १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. हटवायला न्यायालयाने पूर्ण बंदी घातली नाही, हेही खरं. पण माणूस फुटपाथवर राहतो कारण त्याचं काम तिथून जवळ आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने समजून घेतलं. मग त्या कामावर जाताना त्याचं सामान कुठे राहील, हा प्रश्न त्याच वाक्याच्या पोटात आहे असं मी मानते.

निवारे होतील तेव्हा होतील. शहरांत लोकसंख्येच्या दर लाखामागे एक, वर्षभर चोवीस तास उघडा निवारा हवा असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. तेवढे झालेले नाहीत. त्याच जनगणनेत मुंबईत ५७ हजारांवर बेघर मोजले गेले, आणि रस्त्यावर काम करणाऱ्या संस्था तो आकडा कमीच धरतात. सव्वाशे निवारे झाले तरी सगळे आत मावणार नाहीत. कुटुंबं तर मुळातच फुटपाथवर असतात, कारण नवरा एका निवाऱ्यात आणि बायको दुसऱ्यात असं त्यांना नको असतं. म्हणून सामानाची सोय निवाऱ्याच्या पोटात ठेवू नका. ती वेगळी, स्वतंत्र आणि आधी करा. जो निवाऱ्यात झोपत नाही त्यालाही ती मिळाली पाहिजे.

दुसऱ्या शहरांनी हे करून पाहिलंय. पॅरिसमध्ये ले आल भागात २००७ पासून अशी सामानाची खोली आहे, नाव 'मेंन लीब्र', म्हणजे मोकळे हात. वस्तीतले रहिवासी आणि रस्त्यावरचे लोक मिळून ती चालवतात. लिस्बनमध्ये रस्त्यावरच लॉकर उभे केलेत, किल्ली त्या माणसाकडे. लॉस एंजेलिसमध्ये मात्र आधी कोर्टात जावं लागलं. माणूस जेवायला, आंघोळीला गेला असताना त्याचं सामान उचलून नष्ट केलं जात होतं. २०१२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की थोड्या वेळासाठी ठेवून गेलेलं सामान टाकून दिलेलं ठरत नाही, त्यावर त्याचा हक्क शाबूत राहतो. मावशींच्या नळाची गोष्ट आणि ही गोष्ट वेगळी नाही.

माझ्या ओळखीच्यांनी मला तीन-चार आक्षेप सांगितले. ते मी हसण्यावारी नेत नाही.

पहिला सुरक्षेचा. या शहराने १९९३ पाहिलंय, २००६ च्या लोकल पाहिल्यात, भीती खोटी नाही. पण आज ती बोचकी पुलाखाली आणि बसस्टॉपवर राखणीशिवाय पडलेली असतात. ती एका खोलीत, नोंद करून, फोटो लावून, मालकासमोर उघडून पाहून ठेवली तर धोका कमी होतो. (तेवढं उघडणं मला बँकेच्या सवयीमुळे जड जातं, पण ते मी मान्य करीन.) दुसरा ढेकणांचा. त्यासाठी लाकडी कपाटं करू नयेत, झाकणाची प्लॅस्टिकची पिंपं वापरावीत, धुता येतात. तिसरा, लोक सामान टाकून निघून जातील. जातील काही जण. त्यासाठी मुदत ठेवा, तीन महिने, आणि मुदतीआधी निरोप द्या. बँकेतही वर्षानुवर्षं न उघडलेले लॉकर असतात, त्यासाठी आम्ही लॉकर विभाग बंद केला नाही. चौथा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकला: अशाने लोक फुटपाथवर कायमचे बसतील. माझा अनुभव उलटा आहे. बोचक्याजवळ बसून राहणं सुटलं तेव्हा मावशी पायरीवरून उठल्या.

काय हवं ते स्पष्ट लिहिते. दर वॉर्डात एक खोली, पुलाखाली किंवा सार्वजनिक शौचालयाला लागून. पहाटे पाचला उघडावी, कारण मंडई आणि नाका लवकर भरतो. रात्री दहाला बंद. पिंपाला नंबर, माणसाला पत्र्याचा बिल्ला, नोंदीला फोटो आणि अंगठा. आधारकार्डाची सक्ती नको, कारण हरवलेलं असतं ते बहुधा आधारच. चालवायला रस्त्यावरच्याच बायकांचा बचत गट, पगारावर. तिथेच कागदपत्रं स्कॅन करून द्यायची सोय. आणि वारसाचं नाव. लॉकरच्या फॉर्मवर वारसाचं नाव आम्ही आग्रहाने भरून घ्यायचो. रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या खिशात एक बिल्ला सापडला आणि नोंदवहीत त्याच्या भावाचा गावचा नंबर निघाला, तर तो माणूस बेवारस म्हणून जाणार नाही.

आणि फुटपाथ मोकळा करायचाच असेल तर फेरीवाल्यांना लागू असलेला नियम या लोकांनाही लावा. यादी करा, प्रत द्या, सामान याच खोलीत आणून ठेवा.

याच मजकुराचा अर्ज मी वॉर्ड ऑफिससाठी तयार केलाय. आमच्या भागात राहणाऱ्यांनी येत्या रविवारी सकाळी घरी येऊन वाचावा, पटला तर सही करावी, पटला नाही तर काय बदलायचं ते सांगावं. बचत गटाच्या दोघी जणी येणार आहेत, त्यांना यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मावशींच्या डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मधल्या काळात त्या चार दिवस गावी जाऊन आल्या, दोन वर्षांत पहिल्यांदा. काल संध्याकाळी गॅलरीत बसून त्यांनी बोचक्याची सुतळी बदलली, ताडपत्रीची एक घडी वाढवली, आणि निघताना मला बजावलं, "उंदरावर ध्यान ठेवा ताई. आत दाखला हाय."