प्रतिक्रियेला उत्तर : 'मुंबई' टाकून 'बॉम्बे' कशी सापडणार?

नमस्कार सर,

डेटाबेसमध्ये संदर्भ कसे शोधावेत यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "गूगल असताना हे सोपस्कार कशाला? ग्रंथपालांना पोरांना घाबरवायची सवयच असते. आणि एन-लिस्टचा पासवर्ड खेड्यातल्या पोरांपर्यंत पोचतो का?" (एन-लिस्ट म्हणजे कॉलेजातल्या मुलांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं वाचायला देणारी योजना.) प्रबंध ऑनलाइन जमा करण्याचा यूजीसीचा नियम २००९चा, मी २०१६ लिहिलं, हेही दाखवलंत. चूक मान्य. दुरुस्त केली.

पण 'घाबरवायची सवय'? बावीस वर्षं मी काउंटरवर बसते आहे, सर. असं कुणी तोंडावर बोललं नव्हतं.

गेल्या वर्षी एमएची एक मुलगी १९८२च्या गिरणी संपावर काम करत होती. तीन दिवस जेस्टोरवर, म्हणजे संशोधन-नियतकालिकांच्या ऑनलाइन डेटाबेसवर, 'मुंबई', 'मिल', 'स्ट्राइक' असं टाकून बसली. मिळालं काय, तर गिरण्यांच्या जमिनी आणि टॉवर यांवरचे अलीकडचे लेख. संप चालू असताना लिहिलेलं जवळपास काहीच नाही. शेजारी खुर्ची ओढून बसले. शहराचं इंग्रजी नाव बदललं १९९५ला, त्याआधी लिहिणाऱ्यांनी 'बॉम्बे'च लिहिलं. दोन्ही नावं कंसात घेतली, मध्ये कॅपिटलमध्ये 'ऑर', म्हणजे दोहोंतलं कुठलंही नाव चालेल. पुढे 'अँड' देऊन 'टेक्स्टाइल', पुन्हा 'अँड' आणि 'स्ट्राइक', म्हणजे हे शब्दही हवेतच. साल १९८२ ते १९८५. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे त्याच दिवसांतले लेख समोर आले. पोरगी खुर्चीत सरळ होऊन वाचायलाच लागली. ह्याला घाबरवणं म्हणतात?

माझ्या स्वतःच्या प्रबंधाच्या वेळी संगणक नव्हता, कार्डांचे ड्रॉवर होते. एकच विषय 'गिरणी'खाली, 'कामगार'खाली आणि 'वस्त्रोद्योग'खाली वेगवेगळा पडलेला असायचा. एकाच ड्रॉवरवर विसंबून मी अख्खं सत्र घालवलं आणि मार्गदर्शकांची बोलणी खाल्ली. पोरांचं तसं होऊ नये म्हणून लिहिते. गूगल स्कॉलर मीही रोज उघडते, पण लिहिणाऱ्याने कोणता शब्द वापरला असेल, हा विचार तिथेही आपल्यालाच करावा लागतो. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला असता तर हे त्यात सापडलं असतं.

पासवर्डचं कॉलेजांनी बघायचं. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता.

आधी एकदा दोन्ही नावं टाकून शोधून बघा, काय मिळालं ते लिहा. मग सवयींबद्दल बोलू.