‘पॉवर आहे ना मुलाकडे!’

आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतो: “मृत्युपत्राची घाई नको. फ्लॅटला नॉमिनी लावा, मुलाला पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी द्या, उद्या विसरायला झालं तरी तो सगळं बघेल. मृत्युपत्र केलंत की घर हातचं गेलं!” खाली अंगठ्यांची रांग.

आधी पॉवरचं, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्राचं बोलू, जास्त घोळ तिथेच आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१: देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्र संपतं. ज्या दिवसासाठी करून ठेवलं, त्याच दिवशी ते रद्दी. नोंदणी केलेलं असलं तरी.

आमच्या विंगमधल्या एका काकांची एफडी मोडायची होती, केअरटेकरचा पगार द्यायला. बँकेत मी सोबत होतो. सही झोकात सुरू झाली, आडनावापाशी पेन थांबलं. “पुढे काय गं?” काकांनी मुलीला विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म हळूच परत सरकवला. पॉवर मुलाकडे होती, पण उपयोग शून्य. शेवटी हायकोर्टातून पालक नेमून घ्यावा लागला. वकिलाची फी आणि हेलपाटे वेगळेच.

नॉमिनीचं थोडक्यात. सोसायटीच्या दप्तरी त्याचं नाव लागतं, मालकी ठरते ती वारसाहक्काने नाहीतर मृत्युपत्राने. शेअर्सबाबतही सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये हेच सांगितलं. आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या मागे बायको-मुलांबरोबर त्याच्या आईचाही वाटा असतो. हे मी सांगितलं की मीटिंगमध्ये दोघे-तिघे तरी चमकतातच.

‘घर हातचं गेलं’ ही बक्षीसपत्राशी (गिफ्ट डीड, ज्यात घर जिवंतपणीच दुसऱ्याच्या नावे होतं) केलेली गल्लत. मृत्युपत्र लागू होतं ते माणूस गेल्यावर. तोवर, डोकं ठिकाणावर असेपर्यंत, हवं तेवढ्यांदा बदला. स्टॅम्प ड्युटी नाही, नोंदणी ऐच्छिक, दोन साक्षीदार मात्र हवेतच.

मेसेजवाल्यांचं एक खरं: जिवंतपणीच्या अडचणीत मृत्युपत्र कामाला येत नाही. त्यासाठी काही जण खासगी ट्रस्ट करतात, म्हणजे मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवतात, पण तोही वेळेत, शुद्धीत असतानाच करावा लागतो.

आणि “निदान झाल्यावर बघू”? डिमेंशियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान झालं म्हणून मृत्युपत्र करण्याचा हक्क लगेच जात नाही. सही करताना आपण काय करतोय हे कळत असलं पाहिजे. पण पुढे कोणी आव्हान दिलं तर तेच सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून उशीर झालाच असेल तर किमान शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा घ्या, आणि साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण बघा, म्हणजे पुढे साक्ष द्यायला ते असतील.